फ्लॉरेन्स येथील करवीरकरांची छत्री व युरोपांतील दहनप्रचार

इटली देशांत फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेस कास्चीने नांवाचें जें विस्तीर्ण उपवन आहे, त्याच्या टोंकाशीं आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर एक छत्री उभी आहे. छत्रीखालीं एका तरुण मराठा राजपुरुषाचा अर्धपुतळा आहे. हे करवीरचे छत्रपति राजाराम महाराज होत. शके १७९२ च्या मार्गशीर्ष शुद्ध पक्षांत, म्हणजे ता. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, विलायतेहून परत येतांना त्यांचा फ्लॉरेन्स येथें अंत झाला व या संगमावर त्यांच्या देहास स्वधर्माप्रमाणें अग्निसंस्कार देण्यांत आला. तेथील लोक या जागेस 'इंडियानो' म्हणजे हिंदी माणसाची जागा म्हणतात. व १९७८ सालीं जवळच जो मोठा पूल पुरा झाला, त्यासहि तेंच नांव पडलें आहे.

या छत्रीविषयीं आम्हीं शाळेंत अध्यापन करीत असतां अनेक वर्षें एक विधान करीत आलों. तें असें कीं, युरोपांत आज जी प्रेतदहनाची चाल पसरली आहे, तिचा उगम करवीरच्या राजाच्या या चितेंत आहे. मृतांस पुरणाऱ्या ख्रिस्ती लोकांनीं ती चिता पाहिली, आणि मग त्यांस दहनाचें महत्त्व पटलें. विधान ऐकावयास गोड होतें. मुलांचे चेहरे फुलत, आमचाहि ऊर भरून येई. पुढें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो आतां स्वतः दप्तरें जमवितो, आम्हांस पत्र लिहून या विधानास आधार काय असें नम्रपणें विचारलें. आधार शोधूं लागलों, तेव्हां जें हातीं आलें तें आमच्या विधानास पोषक नव्हतें. जें वर्गांत उघडपणें सांगितलें, त्याची दुरुस्तीहि उघडपणेंच व्हावी, या बुद्धीनें हें टिपण वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम मूळ प्रसंग पाहूं. राजाराम महाराजांचा जन्म १८५० सालचा. १८६६ सालीं ते करवीरच्या गादीवर दत्तक आले. १८७० सालीं ते युरोपच्या प्रवासास निघाले. युरोपास जाणाऱ्या अगदीं पहिल्या हिंदु संस्थानिकांत त्यांची गणना होते. त्यांच्याबरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते. महाराज इंग्रजींत रोजनिशी लिहीत. ती वेस्ट यांनीं संपादून १८७२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केली. हा ग्रंथ या विषयाचें मुख्य साधन होय. परंतु साधनाची पारख करितांना दोन गोष्टी ध्यानांत ठेविल्या पाहिजेत. एक तर रोजनिशी लिहिणाराच निवर्तल्यामुळें त्याच्या दहनाविषयीं ती स्वभावतःच मुकी आहे. तें सर्व दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावें लागतें. दुसरें असें कीं, संपादक हा सरकारी अधिकारी होता, व ज्या तरुण राजाचें शिक्षण आणि प्रवास इंग्रजांच्या देखरेखीखालीं झाला, त्याचें चित्र तो कोणत्या रंगांत रंगवील हें उघड आहे. तथापि दहनाचें स्थळ व मृत्यूची तिथि यांविषयीं शंकेस जागा नाहीं.

फ्लॉरेन्स त्या वेळीं इटलीच्या राज्याची राजधानी होतें. राजधानी रोमला गेली ती पुढच्या, म्हणजे १८७१ सालीं. अशा नगरांत उघड्यावर चिता रचणें ही नित्याची गोष्ट नव्हती, आणि नगराधिकाऱ्यांच्या अनुज्ञेवांचून ती घडणें शक्य नव्हतें. स्थळ निवडलें तें दोन नद्यांच्या संगमाचें. करवीरास पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस या निवडीचा अर्थ सांगावयास नको. जेथें पंचगंगा नाहीं तेथें आर्नोलाच पंचगंगा मानण्यांत आलें. पुढें १८७४ सालीं तेथें स्मारक उभें राहिलें. अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराचा व छत्रीची रचना मेजर चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे स्थापत्यकार ते हेच मँट.

आतां प्रश्न असा कीं, या चितेपूर्वीं युरोपांत दहनाचा विचार होता किंवा नव्हता? येथेंच आमचें जुनें विधान पहिल्यानें ढांसळतें. प्राचीन रोमन लोक प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळीं बहुधा प्रेतें जाळीतच. त्यांच्या द्वादशफलकांच्या प्राचीन विधींत नगराच्या आंत प्रेत पुरूं नये किंवा जाळूं नये असा निर्बंध आहे. अर्थात् दोन्ही चाली तेथें शेजारीं शेजारीं नांदत होत्या. ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या शतकापासून दफनाकडे कल झुकत गेला. पुढें ख्रिस्ती धर्म राजधर्म झाल्यावर दहन मागें पडलें, आणि इ. स. ७८५ च्या सुमारास शार्लमान बादशहानें जिंकलेल्या सॅक्सन लोकांस प्रेत जाळल्यास देहांत शासन ठरविलें. ज्या गोष्टीस देहांत शासन ठेवावें लागतें, ती गोष्ट लोकांत प्रचलित असते, हें इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको. तेव्हां दहन ही युरोपास हिंदुस्थानानें दिलेली नवी वस्तु नव्हे. ती तेथील जुनी, पण सक्तीनें बंद पाडलेली रीति होती.

तिचें पुनरुज्जीवनहि महाराजांच्या मृत्यूपूर्वींच सुरू झालें होतें. कारण धार्मिक नव्हतें, आरोग्याचें होतें. लंडनसारख्या शहरांत चर्चच्या आवारांतील दफनभूमि इतक्या दाटल्या होत्या कीं, नवें प्रेत पुरावयास जुनें उकरावें लागे. या दुर्दशेवर डॉक्टर वॉकर यांनीं १८३९ सालीं ग्रंथ लिहिला, एडविन चॅडविक यांनीं १८४३ सालीं सरकारास अहवाल सादर केला, व १८५२ पासून शहरांतील दफनावर कायद्यानें बंधनें येऊं लागलीं. इटलींत तर पादुआचे प्राध्यापक कोलेत्ती दहनाचा पुरस्कार करीत होते. आणि १८६९ सालीं जी आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली, तींत कोलेत्ती व कास्तिल्योनी यांनीं सार्वजनिक आरोग्य व सुधारणा यांच्या नांवानें दहनाचा प्रश्न मांडला. ही परिषद भरली कोठें, तर फ्लॉरेन्स येथेंच! म्हणजे करवीरकरांच्या चितेच्या एक वर्ष आधीं त्याच नगरांत दहनाची चर्चा जाहीरपणें झाली होती. ब्रुनेत्ती यांचे पादुआ येथील भट्टीचे प्रयोगहि १८६९ च्या सुमाराचेच. कालक्रमाचा हा एवढाच पुरावा आमच्या विधानाचा निकाल लावण्यास पुरेसा आहे. कार्य कारणाच्या आधीं घडत नाहीं.

कोणी म्हणेल, चर्चा आधीं असेल, पण प्रत्यक्ष प्रचार चितेनंतरच वाढला ना? याचाहि विचार करूं. १८७३ सालीं व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत ब्रुनेत्ती यांनीं आपल्या भट्टीचा नमुना व दहनानंतर उरलेली रक्षा मांडली. ती पाहून लंडनचे विख्यात शस्त्रवैद्य सर हेन्री थॉम्सन यांनीं जानेवारी १८७४ मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला व त्याच महिन्यांत इंग्लंडांत दहनमंडळीची स्थापना झाली. जर्मनींत सीमेन्स यांच्या काचकारखान्यांतील भट्टीचें तत्त्व दहनास लावण्यांत आलें व ऑक्टोबर १८७४ मध्यें ड्रेस्डेन येथें लेडी डिल्क यांचें प्रेत अशा भट्टींत जाळलें गेलें. २२ जानेवारी १८७६ रोजीं मिलान येथें आल्बेर्तो केलर यांच्या देहाचें दहन झालें. याकरितां तेथें दहनगृहच बांधलें गेलें होतें. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील वॉशिंग्टन गांवीं डॉक्टर ले मॉयन यांनीं आपल्या खासगी दहनगृहांत पहिलें दहन केलें. गोथा येथील दहनगृह १८७८ चें. या मालिकेंत प्रत्येक कडी आधींच्या कडीस जोडतां येते. व्हिएन्नाचा नमुना, थॉम्सनचा निबंध, सीमेन्सची भट्टी, मिलानचें दहनगृह असा क्रम सरळ आहे. यांत फ्लॉरेन्सच्या संगमावरील चितेस जोडणारा दुवा कोठेंच लागत नाहीं.

उलट एक भेद ठळकपणें दिसतो. या सुधारकांस उघडी चिता मुळींच नको होती. धूर, दुर्गंध व जळतें प्रेत दृष्टीस पडणें या तिन्ही गोष्टी टाळणें हाच त्यांचा यंत्ररचनेंतील सारा खटाटोप होता. बंद भट्टी, तींत अत्यंत तापलेली हवा, व तासा-दीड तासांत उरणारी शुभ्र रक्षा, हें त्यांचें ध्येय. आपल्या चितेंत अग्नि ही देवता आहे. तिच्या स्वाधीन देह करावयाचा असतो, पुत्रानें मंत्राग्नि द्यावयाचा असतो. त्यांच्या भट्टींत अग्नि हें साधन आहे. बाह्यतः कर्म एकच, परंतु दोहोंची उपपत्ति निराळी. आम्हीं संस्कृताचा अभ्यास केला असूनहि हा भेद आमच्या ध्यानांत इतक्या उशीरां यावा, याचें आम्हांस नवल वाटतें.

इंग्लंडांत कायद्याचा मार्ग मोकळा झाला तोहि निराळ्याच वाटेनें. दहनमंडळीनें १८७८ सालीं वोकिंग येथें जागा घेतली; इटलीचे प्राध्यापक गोरीनी यांची भट्टी तेथें बसविण्यांत आली व मार्च १८७९ मध्यें एक घोडा जाळून तिची परीक्षाहि झाली. परंतु लोकांचा विरोध व गृहमंत्र्यांची मनाई यांमुळें सहा वर्षें ती थंड राहिली. अशांत जानेवारी १८८४ मध्यें वेल्स प्रांतांतील लँट्रिसंट गांवीं डॉक्टर विल्यम प्राइस या त्र्यांशी वर्षांच्या वृद्धानें आपल्या मृत अर्भकास टेंकडीवर उघड्या जागीं जाळण्यास आरंभ केला. लोक खवळले, खटला झाला. न्यायाधीश स्टीफन यांनीं निर्णय दिला कीं, इतरांस उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणें हा इंग्लंडच्या कायद्यानें गुन्हा नव्हे. हे स्टीफन म्हणजे १८६९ ते १८७२ या काळांत हिंदुस्थान सरकारचे विधिसभासद असलेले व १८७२ चा पुराव्याचा कायदा रचणारे तेच गृहस्थ. करवीरच्या राजांचें दहन झालें तेव्हां ते हिंदुस्थानांत होते. येथें कल्पनेचा घोडा मोकळा सोडण्याचा मोह होतो. पण हिंदुस्थानांत राहिलेल्या न्यायाधीशास दहन ही गोष्ट अपरिचित नव्हती, यापलीकडे एक अक्षरहि म्हणणें सयुक्तिक होणार नाहीं. ज्यानें पुराव्याचा कायदा केला, त्याच्याविषयीं तरी पुराव्यावांचून बोलूं नये!

या निर्णयानंतर ता. २६ मार्च १८८५ रोजीं वोकिंग येथें पहिलें दहन झालें. त्या सबंध वर्षांत तेथें तीन प्रेतें जाळलीं गेलीं. १९०२ सालीं पार्लमेंटानें दहनाचा कायदा केला. रोमच्या धर्मपीठानें १८८६ सालीं दहनास मनाई केली होती, ती १९६३ सालीं उठविली. २०१६ सालीं रक्षा विखरूं नये, ती पवित्र स्थळीं ठेवावी, असेंहि त्यानें बजाविलें. ब्रिटनमध्यें १९६८ च्या सुमारास दहनांची संख्या दफनांहून अधिक झाली. आज तेथें शेंकडा ७५ हून अधिक प्रेतें जाळलीं जातात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६० च्या सुमारास हें प्रमाण शेंकडा चारांच्या आंत होतें. तें २०१५ च्या सुमारास दफनाच्या पुढें गेलें व आतां शेंकडा ६० च्या वर आहे. कारणें शोधूं जातां प्रथम दिसतो तो खर्च. मग जमिनीचा तुटवडा. मग मुलेंबाळें दूरदेशीं विखुरल्यामुळें थडग्याची निगा राखणारा कोणी न उरणें. आणि शेवटीं धर्मबंधनांचें शैथिल्य. यांपैकीं एकहि कारण आपल्या शास्त्रांतून घेतलेलें नाहीं.

आमच्या विधानांत दुसरा एक गर्भित दोष होता. जाळणें तें आमचें व पुरणें तें परक्यांचें, अशी त्यांत विभागणी होती. ती आपल्याच साधनांपुढें टिकत नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील पंधराव्या सूक्तांत पितरांचे अग्निदग्ध व अनग्निदग्ध असे दोन वर्ग स्पष्ट सांगितले आहेत. सोळावें सूक्त दहनाचें आहे, तर अठराव्यांतील कांहीं ऋचा भूमीस उद्देशून आहेत. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत दोन वर्षांच्या आंतील बालकास पुरावें असें विधान आहे. आश्वलायन गृह्यसूत्रांत दहनानंतर अस्थि वेंचून कुंभांत घालाव्या व खड्ड्यांत ठेवाव्या असा विधि आहे. संन्याशास आपण आजहि भूमींतच समाधि देतों. महानुभावांत निक्षेपाची चाल आहे, लिंगायतांत पुरण्याची. भीमा खोऱ्यांतील इनामगांव येथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून जें उत्खनन केलें, त्यांत तीन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तींत घराच्या जमिनीखालीं, तोंडास तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेलीं बालकें सांपडलीं. या भूमीचे जुने रहिवासी पुरणारेहि होते.

आपल्या भाषेंतील 'समाधि' हा शब्दच पहा. आळंदीस समाधि आहे ती भूमीखालीं बसलेल्या ज्ञानेश्वरांची. रायगडावर समाधि आहे ती शिवछत्रपतींच्या दहनस्थानाची. शब्द एक, संस्कार भिन्न. छत्रीचेंहि तसेंच. राजा राममोहन रॉय १८३३ सालीं ब्रिस्टल येथें वारले व त्यांस पुरावें लागलें. दहा वर्षांनीं द्वारकानाथ ठाकुरांनीं त्यांचा देह तेथीलच आर्नोज व्हेल येथें हलविला व त्यावर हिंदी घाटाची छत्री बांधविली. द्वारकानाथहि १८४६ सालीं लंडन येथें निवर्तले व केन्सल ग्रीनच्या दफनभूमींत विसावले. म्हणजे युरोपांत हिंदी छत्री प्रथम उभी राहिली ती थडग्यावर, चितास्थानावर नव्हे. याच्या उलट पुण्याच्या आनंदीबाई जोशी. त्या १८८७ सालीं पुण्यास वारल्या, त्यांच्या देहास अग्नि मिळाला. पण त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविली गेली व पोकीप्सी येथें त्यांच्या स्नेही कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमींत पुरण्यांत आली. दहन व दफन हे दोन शत्रु पक्ष आहेत असें मानणाऱ्यानें पोकीप्सीच्या त्या लहानशा शिळेचें स्मरण ठेवावें.

मग करवीरकरांच्या चितेस इतिहासांत स्थान काय? आमच्या मतें आहे, व तें आम्हीं दिलेल्या खोट्या स्थानाहून अधिक मानाचें आहे. राममोहन व द्वारकानाथ यांस परदेशांत स्वधर्माचा अंत्यविधि लाभला नाहीं. एकविशी न गांठलेल्या करवीरच्या राजास तो लाभला. परक्या राजधानींत, थंडीच्या दिवसांत, त्याच्या सोबतच्या मंडळींनीं नदीसंगम शोधला, अनुज्ञा मिळविली व धन्यास अग्नि दिला. ही निष्ठेची गोष्ट आहे, शिकवणुकीची नव्हे. तिनें युरोप बदलला नाहीं. पण परधर्मीयाच्या अंत्यविधीस एका ख्रिस्ती नगरानें जागा दिली, याची ती दगडी साक्ष आहे. पुढें १९१४-१५ च्या युद्धांत ब्रायटनच्या रुग्णालयांत वारलेल्या हिंदु व शीख शिपायांस जवळच्या पॅचमच्या टेंकडीवर अग्नि देण्यांत आला व १९२१ सालीं तेथेंहि छत्री उभी राहिली. २०१० सालीं इंग्लंडच्या अपील न्यायालयानें उघड्या अग्नीनें दहन करण्याचा एका हिंदूचा हक्क, योग्य बांधणीच्या वास्तूंत तें होईल या मर्यादेंत, मान्य केला. फ्लॉरेन्सच्या छत्रीचा वंश शोधावयाचा तर तो या ओळींत शोधावा, मिलानच्या भट्टींत नव्हे.

आणि ऋणाचीच गोष्ट काढावयाची, तर खरें ऋण उलट दिशेचें आहे. आज पुण्यामुंबईच्या स्मशानांत ज्या विद्युद्दाहिनी आहेत, त्या सीमेन्स, गोरीनी, थॉम्सन यांच्या बंद भट्टीच्याच वंशांतल्या. आम्हीं युरोपास चिता शिकविली असें सांगत होतों. वस्तुतः युरोपाची भट्टी आमच्या दारीं येऊन पोंचली. कोल्हापुरास मात्र पंचगंगेच्या कांठीं अद्यापि शेणी रचून दहन होतें, हें लिहितांना आम्हांस समाधान वाटतें. पण समाधान हा पुरावा नव्हे.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति आहे. महाराजांबरोबर गेलेल्या मंडळींनीं घरीं पत्रें लिहिलीं असणें अगदीं स्वाभाविक आहे. दक्षिण महाराष्ट्रांतील घराण्यांच्या रुमालांत १८७० च्या उत्तरार्धांतील कोणतेंहि मोडी पत्र, ज्यांत विलायतेचा किंवा इटलीचा उल्लेख आहे, हातीं लागल्यास तें क्षुल्लक समजून बाजूस टाकूं नये. त्याची नक्कल येथें प्रसिद्धीस पाठवावी. त्या संगमावर चिता कोणीं रचली, मंत्र कोणीं म्हटले, लांकूड कोठलें आणलें, हें सांगण्याचा अधिकार त्या पत्रांचा आहे. ज्या विद्यार्थ्यानें आम्हांस आधार विचारला, त्यास आम्हीं वरील मजकुराची एक प्रत आधींच पाठविली आहे. शिक्षकानें चुकीचें शिकविलेलें शिष्यानें तपासावें, यांतच त्या शिकविण्याचें कांहीं सार्थक झालें असें आम्ही समजतों.